नळदुर्ग: सरहद्दीवरचा किल्ला, बंधाऱ्यातला महाल

जायचं कसं

देवगाव फाट्यावरून जालना, जिंतूर, नांदेडकडे गाड्यांची रीघ असते. नळदुर्गला मात्र वाट बदलावी लागते: सेलू, पाथरी, माजलगाव, केज करत धाराशिव-तुळजापूर, आणि पुढे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग. एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास नको. तुळजापूरला मुक्काम टाकावा. देवीचं दर्शनही होतं.

पाणी कशासाठी अडवलं

किल्ला बोरी नदीच्या वळणात, काळ्या खडकाच्या पठारावर आहे. नदीपलीकडे रणमंडळ हा छोटा जोडकिल्ला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, या दोघांच्या मधे दगडी बंधारा बांधला गेला. हा विजापूरच्या सरहद्दीचा मुलूख. एका बंधाऱ्याने शिबंदीला पाणी मिळालं, शत्रूपुढे तळं उभं राहिलं आणि रणमंडळावर जायला वाटही झाली. हे ध्यानात न घेता गेलं, तर बंधाऱ्यातला पाणीमहाल म्हणजे निव्वळ शाही चैन वाटते.

चैन होतीच म्हणा! महाल चक्क बंधाऱ्याच्या पोटात आहे. तळं भरलं की ‘नर’ आणि ‘मादी’ या सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आत बसलेला माणूस कोरडाच राहतो. मात्र त्यासाठी बोरीला पाणी हवं. पावसाने दडी मारली असेल, तर निघण्याआधी चौकशी करावी.

बुरुजावरून

उपळी बुरुजाच्या पायऱ्या दमवतात, पण माथ्यावर तोफा आहेत आणि दूरवरचा मुलूख नजरेत येतो. 1853 मध्ये हा भाग निजामाकडून इंग्रजांकडे गेला, तेव्हा ठगांवरच्या कादंबरीमुळे गाजलेला मेडोज टेलर इथला अधिकारी होता. 1860 मध्ये हा भाग पुन्हा निजामाकडे आला.

13 सप्टेंबर 1948

आता सरहद्द हैदराबाद संस्थानाची होती. सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याची पहिली मोठी गाठ नळदुर्गलाच पडली. बोरीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि हैदराबादचा रस्ता खुला झाला. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपल्याकडे गावोगाव झेंडावंदन होतं, तेव्हा या पुलाचं नाव क्वचितच निघतं. मुलांना तो मुद्दाम दाखवावा.

बाग आणि नावा

राज्य सरकारच्या स्मारक संगोपन योजनेतून किल्ल्यात बागा आणि नौकाविहार आले. मुलं आधी तिकडेच धावतील. त्यांना थोपवून आधी बंधारा पाहावा, कारण उन्हं चढली की दगड तापतो. बाग संध्याकाळीही चालते. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा चप्पल घसरणारी नको.