तळाची भाकरी ताठ का होते?

साताऱ्या-सांगलीकडं जेवणाऱ्यांपेक्षा दोन भाकऱ्या जास्तच थापतात. ऐनवेळी पाहुणा आला तर? सकाळी दुरडीत तळाची भाकरी ताठ. ती वाळली, असं आपण म्हणतो. पण फडक्यात नीट गुंडाळून ओल राखलेलीही ताठरतेच. तव्यावर ज्वारीच्या पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, गार होताना त्याचे रेणू पुन्हा रांगेत बसतात. फ्रिजच्या चार अंशांना तर हे फार झपाट्यानं घडतं, म्हणजे जपून ठेवलेलीच आधी टाकाऊ! पाण्याचा हबका मारून तव्यावर गरम केली, की रांग बऱ्यापैकी मोडते.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात वाया गेलेल्या अन्नापैकी ६० टक्के घरांतलं होतं. आमच्याकडं मात्र ताठ भाकरी टाकत नाहीत, कांदा-मिरचीच्या फोडणीत शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो. ताजीचा करून बघा, नुसता गिचका.