सीमोल्लंघनाच्या दिवशी मिटणारी दारे

आश्विन शुद्ध दशमीस आपण शिलंगणास निघतो. गावाची वेस ओलांडतो, शमीचे पूजन करतो, सोने लुटतो. उत्तर कोकणातील काही घरांची दारे मात्र याच सुमारास आतून मिटली जात. चूल पेटत नसे, पाण्याचा थेंब घशाखाली उतरत नसे, परक्याशी शब्द बोलला जात नसे. या दिवसाचे त्या घरांतील नाव दारफळणीचा सण, म्हणजे दारे मिटण्याचा सण. ही घरे बेने इस्रायलांची, मराठी बोलणाऱ्या यहुदी बांधवांची. आणि तो दिवस त्यांच्या तिश्री मासाची दशमी, प्रायश्चित्ताचा महाउपवास. आपले पंचांग आणि त्यांचे पंचांग, दोन्ही चांद्रमासांची आणि अधिक मास घालून सूर्याशी मेळ राखणारी. म्हणून या दोन दशम्या पुष्कळ वर्षी जवळजवळ येतात. २०२५ साली तर २ ऑक्टोबरला त्या एकाच दिवशी आल्या होत्या.

नवरात्राच्या पानात यहुदी कोठून आले, असे वाचक विचारतील. त्याचे कारण सांगतो. गेली चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा आहे. आरती झाली, बुक्का लावून झाला की कोणी ना कोणी वृद्ध गृहस्थ जवळ येतात आणि तोच प्रश्न करतात : बुवा, भोवतालचा काळ असा, घरात धर्म टिकायचा कसा? या प्रश्नाला माझ्याजवळच्या पोथ्यांहून अधिक चांगले उत्तर मला या लहानशा समाजाच्या इतिहासात सापडले.

त्यांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे शतकानुशतके ना पोथी, ना धर्मगुरू, ना प्रार्थनामंदिर. हिब्रू भाषा विस्मरणात गेली. हाती राहिले ते एवढेच : आठव्या दिवशीची सुंता, भक्ष्याभक्ष्याचे काही नियम, शनिवारचा विश्राम, काही सण-उपवास आणि ईश्वर एक आहे असे सांगणारे ‘शेमा’ हे एक वचन. मूल जन्मो, लग्न लागो वा माणूस जावो, तेच एक वचन उच्चारले जाई.

तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी घाणा थांबे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. जातिव्यवस्थेत ज्याचे त्याचे कुलाचार वेगळे, तेव्हा यांचेही वेगळे असे गावाने धरून चालले. या सहिष्णुतेचा आपण फार अभिमान बाळगू नये. त्या नावात उतरंडीवरची खालची पायरीही होती. परंतु छळ झाला नाही हे खरे, आणि माझ्या मते त्यामुळेच त्यांची परीक्षा अधिक कठीण होती. तलवारीपुढे माणूस ताठ उभा राहू शकतो. शेजारी प्रेमाने ताट वाढू लागला की मीठ पाण्यात विरघळावे तसा धर्म विरघळतो.

त्यांनी शेजाऱ्याकडून घेतले नाही काय? भाषा घेतली, नऊवारी घेतली, गावावरून केहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे घेतली. गोमांस टाकले, विधवाविवाह वर्ज्य मानण्याची आपली चूकही उचलली. सणांची मूळ नावे गेली आणि नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण अशी मराठी नावे आली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन ‘बिरड्याचा रोजा’ झाला. उपवास सोडायचा तो वालाच्या बिरड्याने! हाईम शमुवेल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात ही नावे नोंदली आहेत. शब्द गेला, तिथी राहिली. आम्हा संस्कृतज्ञांना हे पचायला जड जाते, कारण शब्द गेला की सर्व गेले अशीच आमची शिकवण.

पुढे दिवस पालटले. मुंबईत १७९६ साली शमुवेल दिवेकरांनी पहिले प्रार्थनामंदिर बांधले. कोचीहून शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनरीही आले. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत रचले. शिकवणाऱ्यांच्या मनात धर्मांतर होते. शिकणाऱ्यांनी व्याकरण घेतले आणि अगदी थोडे अपवाद सोडले तर धर्म आपलाच ठेवला.

याहून मला जवळची गोष्ट वेगळीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मंडळींनी चक्क आमचे कीर्तन उचलले. अब्राहाम, योसेफ यांची आख्याने मराठी पदांतून रंगू लागली, कीर्तनाची पुस्तके छापली गेली. कीर्तन आमचे, कथा त्यांची. ज्या समाजाला आपला देव कोणता हे नक्की ठाऊक असते, तो दुसऱ्याच्या टाळाला भीत नाही.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे जे घडले ते वाचून आजही वाईट वाटते. १९६२ साली तेथील धर्मपीठाने आदेश काढला की, यांच्या विवाहापूर्वी यांचा वंश तपासावा. ज्यांनी ग्रंथावाचून, गुरूवाचून शनिवार मोडला नाही, त्यांनाच स्वधर्मीयांनी विचारले, तुम्ही खरे यहुदी कशावरून? त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले. १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान यहुदी मानले आणि तो आदेश मागे पडला.

आज भारतात त्यांची जेमतेम काही हजार माणसे उरली आहेत. तरी अलिबाग, रेवदंडा येथील प्रार्थनामंदिरे उभी आहेत. नवस फेडायचा असला, शुभकार्य असले की एलियाहू नबीच्या नावाने मलिदा होतो. ताटात भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, गोड आणि फळे. तिकडे इस्रायलमधील घरांतही तो होतो. प्रार्थना हिब्रूत म्हटली जाते, आणि पोहे नीट भिजले की नाहीत याची चौकशी घरातील वडीलधारी मंडळी अजून मराठीत करतात.