नापसंतीच्या मताने माणूस सुधारतो का?

चुकीला शिक्षा केली की चूक थांबते आणि चांगल्या कामाला शाबासकी दिली की ते पुन्हा घडते, हा समज शाळेच्या वर्गापासून ग्रामसभेपर्यंत इतका रुजलेला आहे की इंटरनेटवरील चर्चासमूह उभारणाऱ्यांनीही तो फारशी शहानिशा न करता उचलला आणि प्रत्येक मजकुराखाली पसंतीचा व नापसंतीचा असे दोन अंगठे बसवले. या समजाला मानसशास्त्राचा आधार आहे. वर्तनाचे पुढे जे फळ मिळते त्यावर ते वर्तन टिकणे किंवा विरणे अवलंबून असते, या प्रक्रियेला साधक अभिसंधान म्हणतात आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी तिचा विस्ताराने अभ्यास केला. तथापि त्यांच्याही आधी ‘परिणामाचा नियम’ मांडणाऱ्या एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी स्वतःच्याच नियमात दुरुस्ती केली होती: बक्षिसाने वर्तन जितके बळावते तितके ते शिक्षेने दुबळे होत नाही, असे त्यांना प्रयोगांती आढळले. अंगठे बसवणाऱ्यांनी नियम घेतला, दुरुस्ती मागेच राहिली.

नापसंतीच्या मताचा परिणाम मोठ्या प्रमाणावर मोजण्याचे काम जस्टिन चेंग, क्रिस्तियान दानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल आणि युरे लेस्कोव्हेक या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केले. त्यांनी सीएनएनवरील सामान्य बातम्या, ब्राइटबार्टवरील राजकारण, आयजीएनवरील संगणकीय खेळ आणि ऑलकेपॉपवरील कोरियन मनोरंजन या चार स्थळांवरील वाचकांच्या चर्चा तपासल्या. यातली खरी अडचण अशी की वाईट लिहिणाऱ्यालाच नापसंती जास्त मिळणार, तेव्हा त्याचे पुढचे लिखाण वाईट निघाले तर तो दोष नापसंतीचा की मुळातल्या लिहिणाऱ्याचा, हे ठरवायचे कसे? त्यासाठी त्यांनी पूर्वेतिहास आणि मजकुराचा दर्जा जवळजवळ सारखा असलेल्या, परंतु एकाला पसंती व दुसऱ्याला नापसंती मिळालेल्या लेखकांच्या जोड्या लावल्या आणि दोघांची पुढची वाटचाल ताडून पाहिली.

निष्कर्ष रूढ समजाच्या नेमका उलट निघाला. नापसंती मिळालेले लोक गप्प बसले नाहीत, ते अधिक लिहू लागले. त्यांच्या पुढच्या लिखाणाचा दर्जा घसरला. आणि सर्वांत चिंतेची बाब म्हणजे ते स्वतः इतरांना अधिक नापसंती देऊ लागले, त्यामुळे एकाला बसलेला फटका पुढे दुसऱ्याकडे सरकत गेला. पसंतीचा असा परिणाम आढळला नाही, कारण तिच्यामुळे कोणी अधिक लिहिले नाही आणि अधिक चांगलेही लिहिले नाही. समूह सोडून जाण्याची शक्यता सर्वाधिक होती ती ज्यांना कोणतीच दाद मिळाली नाही त्यांची. दुर्लक्षाने माणूस निघून जातो आणि नापसंतीने तो इरेला पेटतो, ही गोष्ट समूह चालवणाऱ्या प्रत्येकाने गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

मत देणाऱ्यांकडे पाहिले तर चित्र थोडे वेगळे दिसते. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या प्रयोगात एका बातमीस्थळावरील एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांपैकी काहींना, कोणताही निकष न लावता, आरंभीच एक पसंतीचे किंवा एक नापसंतीचे मत देण्यात आले. पसंतीच्या त्या एका मताने अखेरचे गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी फुगले, तर नापसंतीचे मत पुढच्या वाचकांनी पसंती देऊन बव्हंशी भरून काढले. म्हणजे समुदायाला अन्याय दिसतो आणि तो दुरुस्तही करतो. मात्र ज्याच्यावर तो झाला त्याचे मन त्या दुरुस्तीने निवळतेच असे नाही. नापसंतीचे मत झुंडीने वापरण्याचा प्रकार वेगळाच, आणि त्याला आळा घालण्याचे कारण देऊनच यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला.

तरीही नकारात्मक मत मुळातच घातक असते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल, आणि ते का, हे महाराष्ट्रातील गावांना चांगले ठाऊक आहे. गावातील किंवा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या परवानाधारक दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात आणि एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. वर्धा आणि चंद्रपूर या दारूबंदी अनुभवलेल्या जिल्ह्यांना लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात महिलांनी दारूबंदीसाठी मोठे आंदोलन उभारले, त्यामुळे नकाराचे बळ येथे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. हे मत परवान्यावर पडते. प्रश्न आधीच ठरलेला असतो, निकालाचा अर्थ सर्वांना माहीत असतो आणि घरी बसलेल्या बाईचे न पडलेले मत दुकानाच्याच पथ्यावर पडते, त्यामुळे मत देणारीला उन्हातान्हात केंद्रावर जाण्याची किंमत मोजावी लागते. पडद्यावरच्या अंगठ्याला यांतले काहीच नसते: तो बोलणाऱ्या माणसावर पडतो, कारण सांगत नाही आणि फुकट असतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरस्थळाने ही उणीव ओळखली असावी, कारण तेथे उत्तराला नापसंती देणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातूनही एक गुण वजा होतो.

कारण न सांगणारी नापसंती किती अपुरी असते, हे फवारणीच्या हंगामात विशेष जाणवावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि आज फवारणीचे सल्ले मोबाइलवरील समूहांतून क्षणात शेकडो लोकांपर्यंत पोचतात. समजा, एखाद्याने एकरी लागणारी औषधाची मात्रा चुकून एका पंपाची म्हणून लिहिली. त्याखाली उलटे अंगठे कितीही पडले, तरी पंधरा लिटरच्या पंपात किती मिलिलिटर टाकायचे हे वाचणाऱ्याला कळत नाही. लिहिणाऱ्याला मात्र चारचौघांत अपमान झाल्याचे तेवढे कळते आणि वरील अभ्यास खरा मानला तर तो माघार न घेता आणखी जोमाने लिहिण्याचीच भीती अधिक. त्याच जागी कोणी ‘ही मात्रा एकराची आहे, पंपाची नाही’ एवढे एक वाक्य लिहिले आणि डब्यावरील माहितीपत्रकाचे छायाचित्र जोडले, तर चूक निस्तरते आणि माणूसही दुखावत नाही.

म्हणून यवतमाळच्या शेतकरी समूहांत चुकीचा सल्ला दिसल्यास उलटा अंगठा दाबून थांबू नये. नेमके काय चुकले ते लिहावे, डब्यावरील लाल त्रिकोण अतिविषारी औषधाची खूण असते हे सांगावे, आणि शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारून मगच उत्तर द्यावे.