चौथीपर्यंत मूल नेमके काय शिकते?

गोव्यातील बहुतांश सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीत मूल दुसऱ्या शाळेत जाते आणि तेथील शिक्षक, त्याला वाचता येते व साधे हिशेब जमतात, असे धरूनच पुढचे विषय शिकवू लागतात. हा समज खरा नसेल तर मुलाला इतिहास अवघड वाटतो, विज्ञान कळेनासे होते आणि गणिताची भीती बसते. मुळात अडचण त्या विषयांची नसते. ती पहिली ते चौथीत राहून गेलेल्या गोष्टींची असते. म्हणूनच या चार वर्षांत मुख्य विषयांतून काय साधायचे असते, हे पालकांनी समजून घ्यायला हवे.

भाषा : अक्षरापासून अर्थापर्यंत

गोव्यातील मराठी शाळेत येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी कोकणी बोलली जाते. घरचे ‘उदक’ पुस्तकात ‘पाणी’ होते, ‘सुणें’ ‘कुत्रा’ होतो आणि ‘नुस्तें’ ‘मासे’ होते. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी व वाक्यरचना जवळची असल्याने हे अंतर मोठे नाही; मात्र ते आहे, याची जाण शिक्षकाला असावी लागते. मुलाने घरचा शब्द वापरला तर ती चूक नव्हे. त्या शब्दाशेजारी पुस्तकातला शब्द ठेवला की मुलाचा शब्दसंग्रह दुप्पट होतो.

वाचनाचे टप्पे ठरलेले आहेत. आधी अक्षर व ध्वनी यांची जोडी, मग काना-मात्रा-वेलांटी, नंतर जोडाक्षरे. मराठीत ‘चाक’ आणि ‘चार’ या शब्दांतील ‘च’ एकाच चिन्हाने लिहिला जातो, पण उच्चार वेगळे आहेत. असे बारकावे ऐकूनच येतात. म्हणून गोष्टी सांगणे व मोठ्याने वाचून दाखवणे हा शिकवण्याचाच भाग आहे. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, अशी अपेक्षा आहे. वेगाचा हा आग्रह स्पर्धेसाठी नाही. एकेक अक्षर जुळवत बसलेले मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरते, आणि मग वाचून काहीच हाती लागत नाही.

गणित : शून्याची किंमत

त्याच अभियानानुसार पहिलीत ९९, दुसरीत ९९९ आणि तिसरीत ९,९९९ पर्यंतच्या संख्या यायला हव्यात. मराठी मुलांची पहिली अडखळण संख्यांच्या नावांतच असते. ‘त्रेपन्न’ म्हणताना आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास; त्यामुळे ५३ ऐवजी ३५ लिहिले जाते. ‘एकोणचाळीस’मध्ये तर चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात ३९. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘पन्नास तीन’ अशी पर्यायी वाचनपद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या पद्धतीविषयी मत काहीही असो, तिच्यामागची अडचण खरी होती.

दुसरी अडचण स्थानिक किमतीची. गोव्याचे क्षेत्रफळ तीन हजार सातशे दोन चौरस किलोमीटर आहे, असे सांगून ती संख्या मुलाला लिहायला लावा. ३,७०२ मधील शून्य दशकाची रिकामी जागा राखून आहे, हे न समजलेले मूल ३७२ किंवा ३०००७००२ लिहील.

वजाबाकीतही तेच. ५०२ मधून १७८ वजा केल्यावर उत्तर ३२४ येते. पण काही मुले ४७६ लिहितात. हे उत्तर अंदाजाने आलेले नसते. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला की नेमके हेच उत्तर मिळते. एक शतक मोडून दहा दशक होतात आणि त्यांतील एक दशक मोडून दहा एकक, हे काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले तर ही चूक सुटते. केवळ लाल फुली मारून ती सुटत नाही.

पाढ्यांचेही तसेच. ते पाठ हवेतच. पण ‘सात आठे’ आठवले नाही तर सात साते एकोणपन्नासमध्ये आणखी सात मिळवून छप्पन्नावर येणारे मूल गुणाकार खऱ्या अर्थाने शिकले आहे.

परिसर अभ्यास : गावच प्रयोगशाळा

राष्ट्रीय अभ्यासक्रमात पहिल्या दोन इयत्तांत परिसराची ओळख भाषा व गणितातूनच होते. तिसरीपासून तो स्वतंत्र विषय होतो. अन्न, पाणी, निवारा, प्राणी, व्यवसाय, नकाशा हे त्याचे घटक. गोव्यातील शिक्षकाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. खाजन शेताच्या बांधावरील मानस पाहिली तरी भरती-ओहोटी, खाऱ्या व गोड्या पाण्यातील फरक आणि पाण्याचा दाब एकाच जागी समजतो : भरतीच्या पाण्याच्या रेट्याने दारे मिटतात व खारे पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला तीच दारे उघडून आतले पाणी बाहेर पडते. या जमिनीत तग धरणारे कोरगुट भात, मिठागर, कुळागर हे सारे पाठच आहेत. पाहणे, प्रश्न विचारणे, नोंद करणे या सवयी इथे लागल्या तर पुढे विज्ञान परके वाटत नाही.

वेळेचा हिशेब

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन आवश्यक आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्याच कायद्यानुसार ६० पर्यंत विद्यार्थी असलेल्या शाळेला दोन शिक्षक मिळतात. चार इयत्ता व दोन शिक्षक म्हणजे प्रत्येकाकडे दोन वर्ग. मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे थेट लक्ष दोनच तास येते. उरलेल्या वेळेत मूल स्वतः काय करते, यावर बरेच अवलंबून असते. कुशल शिक्षक एका गटाला शिकवताना दुसऱ्याला वाचन, मापन, चित्र असे अर्थपूर्ण काम देतात, आणि मोठी मुले लहानांना सांगता सांगता स्वतःही पक्की होतात. हे काम नुसत्या नक्कललेखनाचे असेल, तर निम्मा दिवस वाया जातो. आपल्या मुलाची शाळा लहान असल्यास पालकांनी पटसंख्येबरोबर हाही प्रश्न विचारावा.

घरी पडताळून पाहता येण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. चौथीतल्या मुलाला पूर्वी न वाचलेला उतारा द्यावा आणि त्यात काय आहे ते त्याच्या शब्दांत, कोकणीत सांगितले तरी चालेल, ऐकावे. दुकानातून आणलेल्या जिनसांचा हिशेब त्याच्याकडून करून घ्यावा. घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगावा. यांपैकी एखादी गोष्ट जमत नसेल तर मुलाला रागावू नये. वहीतील चूक घेऊन शिक्षकांना भेटावे. चौथीत लक्षात आलेली उणीव काही महिन्यांत भरून काढता येते. तीच आठवीत लक्षात आली, तर मुलाने तोवर ‘मला येत नाही’ असे स्वतःविषयी ठरवून टाकलेले असते.