बटवा, बाग आणि बिट्टन मार्केट

भोपाळला येणाऱ्या पर्यटकाची वाट ठरलेली असते. सांची, भीमबेटका, मोठा तलाव, आदिवासी संग्रहालय आणि निघता निघता सरकारी ‘मृगनयनी’तून एखादी चंदेरी. अरेरा कॉलनीतले बिट्टन मार्केट या वाटेवर येत नाही. तिथे लोक भाजी घ्यायला जातात. शेजारच्या दसरा मैदानावर हस्तकलेचा मेळा लागला, की हीच मंडळी बाग प्रिंटच्या चादरी उलटून पालटून बघतात आणि रंग जाईल का, असे विचारतात. पर्यटक हा प्रश्न सहसा विचारत नाही. त्याला आठवण हवी असते, धुणे नको.

हस्तकलेत जुने किती राखावे आणि नवे किती आणावे, यावर आपल्याकडे भरपूर परिसंवाद होतात. माझ्या मते नवे आणतो कोण, यावर सगळे अवलंबून आहे.

भोपाळचा बटवाच घ्या. 1819 ते 1926 या काळात इथे चार बेगमांनी राज्य केले. पान-सुपारीच्या त्या शहरात मखमलीचा, जरदोजीचा बटवा घरोघर लागे. अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणलेल्या कापडावर सलमा-सितारे टाके घालून बसवायचे, हे डोळे शिणवणारे काम. सुपारी गेली, बटवा मोबाईल मावेल एवढा झाला. त्यात काही बिघडले नाही. बिघडते ते टाक्याच्या जागी डिंक आला की. स्वस्त ‘स्मृतिचिन्ह’ मागणारा बाजार नेमके तेच मागतो.

याच्या उलट उदाहरण जनगढसिंह श्याम यांचे. पाटनगढच्या मातीच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या या परधान गोंड तरुणाला चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी भोपाळला आणले. 1982 मध्ये भारत भवन हे कलाकेंद्र उघडले आणि जनगढ यांच्या हाती कागद, कॅनव्हास, शाई आली. ठिपक्या-रेघांनी अंग भरलेले त्यांचे प्राणी 1989 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पोहोचले. आज परंपरागत म्हणून विकली जाणारी ही शैली, ‘जनगढ कलम’, म्हणजे एका माणसाने आपल्या हयातीत घडवलेली नवलाई आहे. भारत भवनच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या भूरीबाईंनीही तिथेच भिल्ल चित्रे कागदावर उतरवली. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डिंडोरीच्या गोंड चित्रांना 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तेच हरण यंत्राने कपावर छापले, तर त्यातले चित्रकाराला काय मिळते?

मराठी वाचकाला महेश्वर जवळचे. अहिल्याबाईंनी विणकर वसवले, किल्ल्याच्या दगडी नक्षीतून लुगड्यांचे काठ निघाले. हातमाग थंडावल्यावर 1970च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील दांपत्याने ‘रेहवा’ संस्था काढली. साडीसोबत ओढण्या आल्या, स्टोल आले. माग मात्र हातमागच राहिला. चंदेरीजवळच्या प्राणपूरने तर विणकराचे घर हेच पर्यटनस्थळ केले. 2024 मध्ये केंद्राच्या सर्वोत्तम पर्यटन गाव स्पर्धेत हस्तकला गटात त्याची निवड झाली. हा मार्ग मला पटतो, कारण माग चालताना पाहिलेला माणूस भावात फारशी घासाघीस करत नाही.

बाग या गावचे छपाईकार खत्री लोखंडाच्या गंजापासून काळा रंग करतात, अलिझारिनने लाल, आणि कापड वाहत्या पाण्यात धुतात. ठसे तेच, चादरीवरून ते रेशमावर आणि बांबूच्या चटयांवरही गेले. पण त्यांची स्क्रीन छपाईची नक्कल मेळ्यात शेजारच्याच टेबलावर निम्म्या भावात मिळते.

म्हणून भोपाळला गेलात तर दसरा मैदानावर मेळा आहे का, याची चौकशी करा. कापड उलटून पाहा, ठशांचे सांधे शोधा. हाताच्या छपाईत ते कुठेतरी किंचित चुकलेले असतातच. विकणारा स्वतः छापतो का, हे विचारा; आणि हो म्हणाला तर सांगेल तो भाव द्या.