खांदेरीचा दिवाही आपलाच

अलिबागजवळच्या थळसमोर समुद्रात असलेल्या खांदेरी बेटावर लोक जातात ते शिवकालीन तटबंदी पाहायला. १८६७ साली इंग्रजांनी तिथे बांधलेले दीपगृह फोटोपुरते उरते. किल्ल्यात परक्यांनी उभारलेली इमारत म्हणून ते बाजूला सारणेही सोपे आहे. मला मात्र वाटते, हा किल्ला इथेच का बांधला, याचा उलगडा दीपगृहामुळेच होतो. मुंबई बंदराकडे जाणाऱ्या वाटेवरची ही जागा. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून आरमारातल्या मायनाक भंडारींनी इथे बांधकाम सुरू केले, तेव्हा मुंबईकर इंग्रज हादरले. त्यांनी बेटाभोवती जहाजे उभी केली, लढाया केल्या. तरी रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून मराठ्यांच्या लहान होड्या रसद पोचवतच राहिल्या. उथळ पाण्यात, खडकांमधून इंग्रजांची अवजड जहाजे त्यांचा पाठलाग करू शकत नव्हती. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांना माघार घ्यावी लागली. पुढे १८१८ मध्ये बेट इंग्रजांकडे गेले. मराठ्यांना सोयीचे ठरलेले खडक आता इंग्रजांच्याच व्यापारी जहाजांच्या मुळावर येणार होते. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला विलक्षण मागणी आली, बंदराचे महत्त्व वाढले, आणि त्याच दशकात खांदेरीवर दिवा लागला.

त्यामागे व्यापाराचा स्वार्थ होता, हे खरेच. पण अंधारात खडक दाखवताना दिवा साहेबाची आगबोट आणि कोळ्याचा मचवा असा भेद करत नाही. जीपीएसच्या काळात दीपगृह हवेच कशाला, असेही विचारले जाते. उपग्रहाचे संकेत बिघडवता येतात, यंत्र बंद पडू शकते. अशा वेळी डोळ्यांनी पडताळता येणारी खूण लागतेच. प्रत्येक दिव्याची उघडझाप ठरलेली असल्याने आपण कुठे आहोत हे खलाशाला त्यावरून कळते.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश झाला. २०२१ च्या सागरी दिशादर्शक साधनांच्या कायद्यात वारसा दीपगृहांची तरतूद आहे. किल्ला यादीत आणि दीपगृह कायद्यात, अशी वाटणी कागदावर चालेल. बेटावर येणाऱ्याला ती सांगू नये. तट, दिवा आणि कोळी बांधवांचा इथला देव वेताळ यांची माहिती एकाच फलकावर हवी, आणि तिथे आजूबाजूच्या खडकांचा व उथळ पाण्याचा नकाशाही हवा.