‘आईला सांग, डबा भर म्हणावं’

ओतूरच्या बाजूची एक बाई २०२४ च्या उन्हाळ्यात डोकेदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सोबत नवरा आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. ‘‘कधीपासून दुखतंय?’’ असे मी बाईंना विचारले. उत्तर नवऱ्याने दिले, तेही मुलीकडे पाहून, ‘‘आईला विचार, दिवाळीपासूनच ना?’’

रक्तदाब १५०/९६ भरला. झोप नाही, भूक नाही. नवऱ्याला व मुलीला बाहेर बसवले, तेव्हा कळले की घरात सहा महिन्यांचा अबोला आहे. ‘आईला सांग, डबा भर म्हणावं’, ‘बाबांना सांग, भरलाय’. निरोप्याचे काम मुलीकडे.

२०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे २० किलोचे क्रेट दोन हजारांच्या वर गेले होते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. ते पाहून याने लागवड केली. माल हाती आला तेव्हा भाव कोसळलेले. दुकानाची उधारी भागवायला बायकोच्या पाटल्या गुपचूप पतसंस्थेत गहाण टाकल्या. भाऊबीजेला तिने मागितल्या, हा उगाच ओरडला. खरे काय ते तिला जावेकडून कळले.

‘‘पाटल्या गेल्याचं नाही हो डॉक्टर,’’ बाई म्हणाल्या, ‘‘जावेला ठाऊक नि मला नाही!’’

सातगाव पठारावर बटाटा, इकडे टोमॅटो. पीक निराळे, अबोला तोच. मनात राग धरून राहिले की मानेचे, कपाळाचे स्नायू ताठ राहतात, डोके धरते, झोप उडते आणि रक्तदाबही चढू शकतो. निरोप्या झालेल्या पोराचे पोट दुखू लागते, ते वेगळेच.

नंतर नवऱ्याला एकट्याला बोलावले. ‘‘सांगायला तोंड नव्हतं,’’ एवढेच म्हणाला. मी सरळ विचारले, ‘‘जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?’’ तो रडू लागला. एकदा आले होते. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो. घरात कोणाविषयी अशी शंका आली तर फवारणीची औषधे कुलुपात ठेवा, त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे आणा. सरकारच्या ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर रात्रीबेरात्रीही फुकट फोन करता येतो, मराठीत बोलता येते.

दोघांना समोरासमोर बसवले. अट एकच घातली. एकाने बोलायचे, दुसऱ्याने आधी ‘म्हणजे तुला असं वाटलं’ म्हणून ते परत सांगायचे, मग आपले मांडायचे. ‘तुम्ही नेहमीच असे’ ऐवजी ‘मला वाईट वाटलं’. एका वेळी एकच विषय. लग्नातला मानपान उकरायचा नाही. आणि माणूस बाजारातून उपाशी आलेला असताना तर हिशेब मुळीच काढायचा नाही, आधी भाकरी. ‘अहो-अगं’वर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले, नावाने हाक मारलीच पाहिजे असे नाही. पण हाक ज्याची त्यालाच मारावी.

पहिल्या खेपेला फारसे जमले नाही. बाई अर्ध्यातून उठल्या.

तिसऱ्या खेपेला मुलगी आली नव्हती, शाळेत होती. रक्तदाब १३४/८६. डोकेदुखीच्या गोळ्या किती उरल्या, असे मी विचारले. नवरा सवयीने बोलायला गेला, थांबला, आणि बायकोकडे वळून म्हणाला, ‘‘अगं, किती उरल्यात?’’

‘‘चार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लागल्याच नाहीत.’’